हिरवा ठिपका

चिमटा लष्कराच्या कारखान्यात वायरलेसचे संच दुरुस्त करायचा. बोटं लांब, बोलणं आखूड, म्हणून ते नाव पडलेलं. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी आणि पुतण्या त्याच्याच घरी. पुतण्या शिपाई झाला, सीमेवर गेला आणि एका चकमकीत हरवला. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. वहिनी रोज विचारायची, "भावोजी, कळलं काही?" चिमटा मान हलवायचा आणि हातपाय धुवायला जायचा.

हे नवे संच म्हणजे अर्धा डबा, अर्धा प्रोग्राम. प्रोग्राम बदलला की तोच डबा वेगळ्या ढंगानं बोलतो. शिवाय शेजारच्या डब्याचा निरोप पुढच्याकडे ढकलतो, त्यामुळे अख्खी पलटण एका जाळ्यात. कुठला गडी कुठं आहे ते पलटणीच्या साहेबाच्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यानं दिसतं.

रणातून आलेला संच पत्र्याच्या बंद पेटीतच चालू करायचा, असा नियम. पेटीतून लहर बाहेर जात नाही. तिथं आधीच्या शिपायाची ओळख पुसायची, मगच संच बाहेर काढायचा. पण पेटी एकच आणि निम्मे संच मढीच निघायचे. म्हणून सगळेच आधी बाकावर बॅटरी लावून बघत. जीव असला तरच पेटी.

त्या दिवशी रणात वेचलेल्या संचांचं पोतं आलं. चिमट्यानं एकाला बॅटरी लावली. दिवा लागला. मग पेटीत घालून पुसला, बाजूला ठेवला, दुसरा घेतला.

दुपारी कारखान्याचे साहेब स्वतः बाकापाशी आले. "चिमट्या, तुझा पुतण्या सापडला की. ठिपका उजळला त्याचा, शेवटी होता तिथंच. वहिनींना कळवलंय. आणायला तुकडी निघतेय."

"कधी उजळला?"

"सकाळी. थोडा वेळ, मग विझला. बॅटरी संपली असणार."

चिमट्यानं सकाळचे संच उलटे करून पाठीवरचे नंबर पाहिले. पुतण्याचा नंबर त्याला पाठ होता; पहिल्याच संचावर तोच होता. छपराखाली उपग्रह दिसत नाही, तेव्हा संच आपली जुनीच जागा सांगतो. आवारातल्या लष्करी गाडीतल्या संचानं तो निरोप पुढं ढकलला होता.

तोंड शिवून बसला असता तर घरात काही दिवस सुखाचे गेले असते. पण तुकडी गोळीबारात जाणार होती.

"साहेब, तुकडी थांबवा. तो ठिपका मी लावला."

"अक्कल गहाण टाकलीस का रे?" म्हणत साहेब फोनकडे पळाले. तुकडी छावणीच्या फाटकातूनच परत फिरली.

घरी वहिनीनं पुतण्याची खाट अंगणात काढून झाडली होती. चिमट्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे तो नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"संच सापडला, मग तो कुठंय?"

"माहीत नाही."

वहिनी खाटेच्या दोऱ्या ओढून बघत राहिली. मग म्हणाली, "अख्ख्या गल्लीला सांगून बसलेय मी. आता परत कोण सांगणार?"

"मी जातो," चिमटा म्हणाला आणि त्यानं शेजारच्या दाराची कडी वाजवली.