मूठभर गणितं

बारावीला गणितात माझी दांडी उडाली. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं, पण अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं, "ह्या खेपेला न्हाई झालं तर शिक्षान बास. स्थळं बघायला लागतो." मी हबकलेच.

हुपरीहून रोज एसटीनं कोल्हापुरात, राजारामपुरीत क्लासला जायची. घरी आले की अभ्यासाला, म्हणजे वेळापत्रक करायला बसायची. लाल पेन, निळं पेन, पट्टी. एक दिवस बुडाला की नवं वेळापत्रक! अशी चार झाली, तरी पहिलं प्रकरण काही संपेना. पुस्तक उघडलं की हात पुन्हा पट्टीकडंच जायचा.

आव्वा, म्हणजे माझी आई, घरात बसून पैंजणांना घुंगरं जोडायची. चौथी शिकलेली. एका दुपारी मी वही भिरकावली आणि भोकाडच पसरलं. तिनं चिमट्यानंच मागची पिशवी दाखवली. घुंगरांनी गच्च भरलेली, वर टॉवेल टाकलेला.

"झाकून का ठेवतीस?"

"समदा ढीग बघितला की हात चालत न्हाई, बाई. एक मूठ काढायची, ती संपवायची, मग दुसरी."

तिनं माझं पुस्तक ओढलं, पानावर फडकं घातलं आणि एकच गणित उघडं ठेवलं. "एवढंच सांग मला."

"तुला काय कळणार?" मी फटकन बोलले. त्या बोलण्याची आजही लाज वाटते.

"न्हाई कळलं तर इच्यारीन की."

मग रोज दुपारी तिचे हात चालायचे आणि मी मोठ्यानं गणित सांगायची. "थांब, हे कुटनं आलं?" ती मध्येच विचारायची, आणि नेमकं तिथंच माझं घोडं अडलेलं असायचं. मी चिडायची, मग पुन्हा सांगायची. मन नसलं तरी एवढं एकच, म्हणत बसायची. बहुतेक दिवशी एकाची तीन व्हायची.

पास झाले. अठ्ठेचाळीस मार्क! अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. स्थळांचं नाव निघालं नाही.

"सुटले बाई त्या गणितातनं एकदाची," मी आव्वाला म्हणाले. तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग चोरटेपणानं म्हणाली, "शेवटचं प्रकरण आपण वेळ न्हाई म्हणून सोडलंतं न्हवं? तेवढं सांगशील का मला?"

मला रडूच फुटलं. पुस्तक काढून तिच्याशेजारी बसले.