चादरीमागून फाटकाबाहेर गेलेले अण्णा

आदरणीय चन्नवीरप्पा अण्णांची आणि माझी पहिली भेट अक्कलकोट रोडवरच्या आमच्या चादरीच्या कारखान्यात झाली, तीही कारखान्यामागच्या नाल्यावर. केम गावच्या शाळेत शिकलेला मी रंगखात्यात कारकून म्हणून रुजू झालो होतो. बसायचे कुठे हे विचारायला रंगमास्तरांना शोधत गेलो, तर पांढरेशुभ्र धोतर वर खोचून ते नाल्याच्या काठी उभे.

"बर्री, केमकर, बर्री," ते म्हणाले; बर्री म्हणजे कानडीत 'या'. केमहून नवा कारकून येणार एवढेच त्यांना ठाऊक होते; माझे आडनाव वेगळे आहे, पण त्या दिवसापासून मी केमकर झालो. "खुर्ची कुटं पळून जात न्हाय. आधी हे पाणी बघा. सकाळी लाल होतं, आता निळं. आत आपण काय करतोय ते हितं दिसतंय."

अण्णा मोठ्या कॉलेजात शिकलेले नाहीत. सुताच्या लडी रंगात बुडवताना वाफेत उभे राहून ते मास्तर झाले. त्यांच्याजवळ एक जाड वही असे. एका चादरीच्या सुताला पाणी किती बादल्या लागले, बॉयलरने कोळसा किती खाल्ला, नाल्यात काय काय गेले, हे ते त्या वहीत लिहीत. मी तिला चादरीची कुंडली म्हणत असे. वहीत चुकांची नोंद असे, पण चूक करणाऱ्याचे नाव कधीच नसे. आमच्या खात्यातले जुने रंगारी नरसय्या यांच्या हातांना रंगाने भेगा पडत, तेव्हा अण्णा घरून खोबरेल तेलाची बाटली आणून टाकीजवळ ठेवीत. तिचा उल्लेखही वहीत नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात कारखान्याचे पाणी आटले. अण्णांनी वही उघडली आणि मालकांना सांगितले, की रंग दिल्यावर शेवटची जी गरम साबणाची धुलाई होते, ती बंद करावी. पाणी आणि कोळसा सर्वांत जास्त तिथेच जातो. मालकांनी ऐकले. पाऊसपाणी पुन्हा ठीक झाले तरी धुलाई बंदच राहिली. पुढे त्या धुलाईची टाकीच फोडायची ठरली, तेव्हा अण्णांच्या हस्ते नारळ फुटला. मालक येईल त्याला सांगत, "आमच्या मास्तरांचं डोकं बघा!"

त्या वर्षी दसऱ्याला आम्हा सर्वांना नव्या पद्धतीच्या लाल चादरी मिळाल्या. दिवाळीपूर्वी एका सकाळी अण्णा कामावर आले ते गुलाबी धोतर नेसून. सगळे खाते हसू लागले.

"अण्णा, कुनाचं लगीन हाय?" नरसय्यांनी विचारले.

"लगीन न्हाय, वरात हाय. माझीच," अण्णा म्हणाले. ते स्वतः मात्र हसत नव्हते.

झाले होते असे, की त्यांच्या पत्नी गंगावहिनींनी नवी चादर आणि धोतर एकाच बादलीत भिजवले होते. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींचा तोंडाचा पट्टा चालूच होता. "तुमच्या मास्तरांनी कारखान्यात पाणी वाचवलं म्हणं! ते सगळं माझ्या मोरीत चाललंय की! चार पाण्यांनं धुतली तरी चादर रंग सोडतीया. आणि चार महिन्यांत फिकी पडली तर पोतेरं करायचं का हिचं?"

अण्णांनी वहीची पाने चाळली. मग म्हणाले, "केमकर, आपली कुंडली कारखान्याच्या फाटकापाशीच संपली. चादर पुढं जगती, हे आपण इसरलोच."

मला त्यांची काळजी वाटली. टाकी त्यांच्या शब्दावर फुटली होती, मालकांनी त्यांची वाहवा गावभर केली होती, आणि मालकांचा राग आम्ही पाहिलेला होता. नोकरी जाण्याइतकी ती गोष्ट होती. मी म्हणालो, "अण्णा, रंगाचा लॉट खराब आला म्हणून सांगू या."

"रंग बिचारा मुका हाय म्हणून का?" एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी धोतर नेसून ते मालकांच्या खोलीत गेले. मी दारात उभा होतो. त्यांनी सरळ सांगितले, "हिशोब माझा चुकला. धुलाई पाहिजे. तिच्याबिगर सुटा रंग सुतातच ऱ्हातोय."

"टाकी फोडायला नारळ तुम्हीच फोडला की हो, मास्तर!" मालक ओरडले. "आता घरी बसा. बोलावीन तेव्हा या. बोलावलं तर!"

अण्णा घरी गेले, पण बसले नाहीत. आठ दिवस ते पेठांतल्या घराघरांत फिरले. धुण्याला बसलेल्या बायांना विचारीत, "अक्का, ह्या चादरीला किती बादल्या लागतात?" जुन्या चादरींचे काय होते, हेही त्यांनी पाहिले. कुठे बाळाची झोळी, कुठे म्हशीवरची झूल, शेवटी मोटार पुसायचे फडके. उलट्या दिशेने कापसाच्या रानापर्यंतही जाऊन आले. कारखान्यात चांगल्या धुतलेल्या सुताची चादर कितीतरी वर्षे जगते. ती लवकर फेकली तर दुसरी विणावी लागते, म्हणजे नवा कापूस, नवा कोळसा, नवे पाणी. हे सारे त्यांनी वहीत मांडले. शिवाय एक तोडही काढली: शेवटच्या धुलाईचे पाणी पहिल्या धुलाईच्या मानाने बरेच स्वच्छ असते, ते टाकून न देता पुढच्या लडींच्या पहिल्या धुलाईला वापरावे.

नवव्या दिवशी मालकच अण्णांच्या दारात आले. त्यांच्या घरच्या पांढऱ्या साड्यांचीही तीच गत झाली होती, हे मागाहून कळले. ओसरीवर बसून त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "मास्तर, चूक सांगायला आलात तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं. उद्या या. गवंडी बोलावलाय." टाकी पुन्हा उभी राहिली, आणि पाण्याची बचतही टिकली.

मी विद्वान नाही. पण सकाळी देवापुढे हात जोडताना मला वाटते, की आपल्या हातून निघालेली वस्तू कुठे जाते, कुणाला त्रास देते, हे पाहणे हीसुद्धा एक पूजाच असावी. ती आम्हाला अण्णांनी, उपदेशाचा एक शब्दही न बोलता, शिकवली.

अण्णांची साठ वर्षे यंदा पुरी होत आहेत. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या चरणी माझे मागणे आहे, की अण्णांना आणि गंगावहिनींना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे; आणि आमच्या हातून चूक झाली, तर ती सांगायला मालकांच्या दारापर्यंत चालत जाण्याइतके बळ आमच्याही पायांत यावे.