काचेबाहेरची खंडेनवमी

“तू भाईर थांब. पूजा होईस्तवर आत पाय ठेवायचा न्हाई.”

मालकाची आई बोलली. आईसाहेब म्हणतात तिला सगळे. बोलताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हातात पूजेचं ताट, नजर दारावरच्या झेंडूच्या तोरणावर. ते तोरण आदल्या संध्याकाळी मीच बांधलेलं. खोलीची फरशीही मीच पुसलेली. तवा माझा पाय चालला.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना. पंपाचे सुटे भाग बनायचे. माझं काम सर्व्हरवर, त्याच काचेच्या खोलीत. सर्व्हर म्हणजे कपाटाएवढं एकच खोकं, पण आतनं त्याचे चार भाग पाडलेले, जशी काय चार वेगळी यंत्रं. एकावर पगार, एकावर हिशेब, एकावर स्टोअर, एकावर माल पाठवायचं काम. पार्टिशन म्हणतात त्यांना. मधल्या भिंती डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. रोज सकाळी गळ्यातलं कार्ड दाराला लावायचं, आत जायचं, चारींची स्थिती बघायची. चारींपुढं ‘रनिंग’ दिसलं की मग चहा.

वर्षभर त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी फिरकायचं नाही. लय गार हाय म्हणायचे. आणि खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, मीच बाहेर.

का, ते कुणी बोललं नाही. बोलायचं कशाला? मुलाखतीतच विचारून झालं होतं. “औंधकडची व्हय? गावात ऱ्हाता का वस्तीवर?” वस्तीवर, म्हणाले मी. विषय संपला.

बाबा गावातल्या लग्नांत हलगी वाजवायचे. वाजवायचं मांडवाच्या दारात, जेवायचं सगळ्यांच्या मागनं, बाहेर. मला म्हणायचे, “तू शिक. शिकलेल्या मानसाला आत घ्यावंच लागतंय.” कारखान्यात दिवाळीला मला कायम करणार होते. बाबांनी ते अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलेलं.

मी काचेतनं बघत उभी. मालक, आईसाहेब, सुपरवायझर काका, ऑफिसातली मंडळी, सगळे आत अनवाणी. एकदम आईसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. आवाज पुसट येत होता. “समदी यंत्रं बंद केल्यात न्हवं? मग ह्यो का गुरगुरतोय?”

खंडेनवमीला यंत्र बंद ठेवूनच पूजा. लेथ बंद, ड्रिल बंद, फोर्कलिफ्टला हार. ते ठीक. पण सर्व्हर असा बंद करत नाहीत. आधी आतला एकेक भाग नीट थांबवायचा, मग बटन. काका सरळ बटनाकडंच निघाले.

मी काचेवर दोन्ही हात आपटले. “आवं काका, दाबू नका! थांबा!”

मालकानं वळून मला पंजा दाखवला. थांब. त्याला वाटलं, पोरगी आत यायची घाई करतीय. काका हसले. बटन दाबून धरलं. मग हळद, कुंकू, आरती. मी बडवून बडवून गप्प झाले.

बाहेर येताना आईसाहेबांनी मला पेढा दिला. दिला म्हणजे वरनं टाकला. बोटाला बोट लागू दिलं नाही.

सर्व्हर परत चालू केला. तीन भाग उठले. चौथा, माल पाठवायचा, उठेना. गेटवर गाड्या खोळंबल्या. आता मालक स्वतः दार धरून उभा. “ये ये, लवकर स्टेटस बघ.” वा रे वा! आता चालला माझा हात.

चौथ्यापुढं ‘एरर’. मला येत होतं ते सगळं करून बघितलं. नाही उठला.

“तरी मी म्हनत हुते,” दारातनं आईसाहेब. “रोज कुनाचा हात लागतोय त्येला, बघा जरा.”

अंगाची लाही लाही झाली. डोळे भरले, ते रागानं.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन. मालकानं फोनवर हात धरला आणि हळूच म्हणाला, “पोरी, तुज्या हातनं चुकून बंद झालं आसं सांग. दिवाळीला कायम व्हायचंय न्हवं तुला?” आणि स्पीकर लावला.

मला बाबा दिसले. मांडवाच्या बाहेर.

“बटन मी दाबलेलं न्हाई,” मी बोलले. “मी खोलीच्या भाईर हुते. मला आत घेतलं न्हवतं. का, ते मालकांना विचारा.”

पलीकडनं तो माणूस म्हणाला, “ते ऱ्हाऊ द्या हो. माल कवा निघतोय तेवढं सांगा.”

झालं. एवढीच किंमत माझ्या बोलण्याची.

“उद्यापासनं यायचं न्हाई,” मालक म्हणाला. काका खाली बसून बुटाच्या लेस बांधत राहिले.

बाबांना फोन केला. “माफी मागून बघ की गं,” म्हणाले. लय वाईट वाटलं. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

गेटवर वॉचमननं कार्ड मागितलं. गळ्यातनं काढताना हात तिथंच थांबला. हे कार्ड सकाळपासनं माझ्याच गळ्यात होतं. काच बडवत होते तवाही. दाराला लावलं असतं तर दार उघडलं असतं. कुलूप कुणी घातलंच नव्हतं. ‘भाईर थांब’ एवढ्यावर मी थांबले.

आता साताऱ्यात आहे. दुसरा कारखाना, तसंच खोकं, तशीच काच. इथंही पहिल्याच दिवशी गाव विचारलं, वस्ती विचारली. माणसं बदलतील अशी आशा मला उरलेली नाही. दसरा जवळ आलाय आणि काल पूजेचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी माझ्याकडं बघून गप्प झालं.

बघू दे. कार्ड इथंही माझ्याच गळ्यात आहे. ह्या खेपेला काच बडवणार नाही. दार उघडणार, आत जाणार, सर्व्हरसमोर उभी राहणार. मला बाहेर काढायचं असेल तर हाताला धरून काढावं लागेल.

धरा म्हणावं हात.