खिसेबाईंची बारावी स्लिप

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात खिसेबाईंचं खरं नाव हजेरीपुस्तकाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच: धुवायला आलेला प्रत्येक कोट, प्रत्येक एप्रन यंत्रात जाण्याआधी त्याचे खिसे तपासायचे. पेनं, गोळ्या, किल्ल्या, एकदा तर कोणाची तरी कवळी, सगळं आधी त्यांच्या बोटांना सापडायचं. डॉक्टर मंडळी हुशार खरी, पण आपल्या खिशात काय आहे हे लक्षात ठेवण्याइतकी नव्हेत, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्या डॉक्टरांच्या तोंडावर सांगत.

म्हणूनच त्या दिवशी जे झालं ते त्यांनी दोन दिवस कोणाला कळू दिलं नाही. आर्थिक वर्षातल्या शेवटच्या महिन्याच्या पगाराची स्लिप त्यांनी घाईत आपल्या एप्रनच्या खिशात कोंबली आणि संध्याकाळी तोच एप्रन धुण्याच्या ढिगात टाकला. आपलाच तर आहे, त्यात काय बघायचं! तासाभराने एप्रन स्वच्छ होऊन बाहेर आला आणि त्याच्या खिशात एक पांढरा लगदा होता.

एरवी त्यांनी स्वतःला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विषय संपवला असता. पण लेकीला परिचारिकेच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाची खोली सवलतीत हवी असेल तर आईने आयकर विवरणपत्र भरल्याची पोच शनिवारपर्यंत तिथल्या कार्यालयात द्यायची होती, नाहीतर खोली यादीतल्या पुढच्या मुलीला. पुऱ्या भाड्याची खोली घेणं त्या घराला झेपणारं नव्हतं. म्हणजे खोली गेली की शिक्षणही गेलं, हे मायलेकी दोघींना ठाऊक होतं आणि दोघीही ते तोंडाने म्हणत नव्हत्या.

पगारखात्यातल्या बाईंनी सांगितलं की वर्षभराच्या पगाराचा अधिकृत दाखला पुढच्या महिनाअखेरीस मिळेल, आणि तोवर हिशेब बंद असल्यामुळे हरवलेल्या स्लिपची नक्कलही निघणार नाही. सांगितलं तेही इतक्या गोड आवाजात की खिसेबाईंना भांडायलाही जागा राहिली नाही.

बुधवारी लेक त्यांना वाचनालयात घेऊन गेली. तिथे करखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा संध्याकाळी बसत आणि लोकांची विवरणपत्रं फुकट भरून देत. सगळं काम संगणकावर, तरी समोर टोक काढलेल्या चार पेन्सिली मांडलेल्या असायच्याच. दाखल्यावाचून काही अडत नाही, म्हणाले. वर्षाची बेरीज शेवटच्या स्लिपवर असते, तेवढी स्लिप पुरे.

आता मात्र खिसेबाईंना बोलावंच लागलं. त्यांनी पर्समधून कागदात गुंडाळलेला लगदा काढून टेबलावर ठेवला. लेक आधी बघत राहिली आणि मग शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहीपर्यंत हसली. आजोबांनी मात्र तो लगदा एखादं महत्त्वाचं कागदपत्र असावं तसा नीट बाजूला सरकवला. उरलेल्या अकरा स्लिपा घ्या, म्हणाले, बाराव्या महिन्याचा अंदाज काढा, तो कसा काढला ते एका कागदावर लिहा आणि खाली सही करा.

अंदाज हा शब्द ऐकूनच खिसेबाई अडल्या. सापडलेल्या वस्तूंच्या वहीत त्यांनी कधी 'काही गोळ्या' असं लिहिलं नव्हतं. गोळ्या मोजून लिहायच्या, अर्धी असेल तर अर्धी.

"मला नक्की माहीत नाही, त्यावर मी सही कशी करू?"

"अंदाज म्हणजे खोटं नव्हे, बाई," आजोबा म्हणाले. "जे तुम्हाला खरं वाटतं ते लिहा. पुढे फरक निघाला तर दुरुस्ती करता येते."

ठरलेला पगार दर महिन्याला तोच, प्रश्न फक्त जादा पाळ्यांचा होता. आणि त्याची नोंद होती. जादा पाळी केली की खिसेबाई आपल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक रेघ मारत, तीही कोणीच मागायला न आलेल्या कुठल्याशा डॉक्टरच्या लाल पेनाने. गुरुवारी त्यांनी शेवटच्या महिन्याच्या रेघा तीनदा मोजल्या. नऊ. शुक्रवारी नऊ पाळ्या धरून विवरणपत्र गेलं, खिसेबाईंनी सही केली, आणि शनिवारी लेकीला खोली मिळाली.

पुढचे सहा आठवडे मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. लेक नव्या खोलीतून फोनवर खिडकीचं, गादीचं कौतुक सांगायची आणि यांच्या मनात एकच, आपण काही चुकीचं लिहिलं असेल तर हे सगळं काढून घेतील.

दाखला आला तेव्हा लेक सुट्टीला घरी होती. तिनेच आकडे ताडून पाहिले आणि आईला टाळी दिली. आईने कमाई कमी नव्हे, जास्त दाखवली होती. रुग्णालयाच्या हिशेबात जादा पाळ्या सातच होत्या. दोघी पुन्हा वाचनालयात गेल्या. दुरुस्ती करू, आजोबा म्हणाले, जास्तीचा कर परत मिळेल, खोलीलाही धक्का नाही, फक्त दोन पाळ्यांचा फरक कशामुळे ते दोन ओळींत लिहून द्या.

खिसेबाईंनी पेन घेतलं आणि तेव्हा त्यांना शेवटच्या महिन्यातल्या दोन संध्याकाळी आठवल्या. धुलाईखान्यात शेजारच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालणारी, सगळे जिला घडीवाली म्हणत, तिची आई त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या घटका मोजत होती. घडीवालीने खाली हजेरीची सही केली आणि दोन्ही संध्याकाळी ती वर आईचा हात धरून बसली. तिच्या चादरींच्या घड्या खिसेबाईंनी जादा पाळी करून घातल्या. पगार झाल्यावर ती त्या दोन पाळ्यांचे पैसे घेऊन आली तेव्हा यांनी तिची मूठ तिच्याच छातीशी लोटली होती. रेघा मात्र हाताच्या सवयीने मारल्या गेल्या होत्या.

आता काय लिहायचं? 'मोजताना चुकलं' म्हणावं, तर चुकलं नव्हतं. खरं लिहावं, तर घडीवालीची नोकरी जाईल. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "नऊच होत्या."

"अगं आई, पैसे मिळाले सातचे ना?" लेक म्हणाली.

"मिळाले सातचे. केल्या नऊ."

आजोबांनी दाखला घडी घालून परत दिला. खिसेबाईंचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी तो कागद लेकीच्या पर्समध्ये ठेवला आणि चेन स्वतः ओढून बंद केली.