पांघरुणाखालचे पाय

२०१८ साल होतं आणि मला एकाहत्तरावं चालू होतं. त्या वर्षी मी मुरुमच्या बाजारात पडलो. पाडलेल्या बैलाच्या खुराशी बसलो होतो, हातोडी उचलली, आणि त्याच्या पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा वर पत्र्याचं छप्पर होतं, अंगावर कुणाचं तरी धुतलेलं पांघरूण होतं आणि उशाशी कपाळभर विभूती लावलेली एक बाई बसली होती. मी विचारलं, "दवाखाना का हा?" ती म्हणाली, "न्हाय अण्णा, मठ हाय. दवाखान्यानंच तुमाला आमच्याकडं धाडलंय." मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण तेवढं कळायला चौथी पुरते. त्या मठात कुणाला नेतात ते त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला मागंपुढं कुणी नाही आणि जो आता उठायचा नाही, त्याला.

मी मूळचा ईट गावचा. धंदा पत्री मारायचा. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकली म्हणजे सडकेनं चालताना खूर झिजत नाही. त्यासाठी बैल दोरानं पाडावा लागतो, चारी पाय बांधावे लागतात, कारण बैल कितीही गरीब असला तरी पाय देत नाही. शिंग धरू देईल, वेसण धरू देईल, पाय म्हटलं की बिथरतो. जन्मभर मी असे पाय धरत बाजारोबाजार हिंडलो. बायको लवकर गेली, लेकरू झालं नाही. भावकीनं विचारणं सोडलं, मग मीही त्यांना विचारणं सोडलं. माझा स्वभाव तसाच. कुणाच्या ओसरीवर पाण्याचा तांब्यासुद्धा मी काम केल्याशिवाय घेतला नाही. मानायचो तो फक्त सोनारीच्या काळभैरवनाथाला. त्याच्या दारात वर्षातून एकदा जाऊन उभा राहायचो, मागायचो काही नाही. मनात एवढंच धरलं होतं, की शेवटचा दिवस आला की उठून सोनारीला जायचं आणि पायरीपाशी पडायचं. देवाच्या दारात मेलं तर कुणाचे उपकार होत नाहीत.

आणि इथं तर उपकाराशिवाय दुसरं काही नव्हतंच. भाकरी उपकाराची, अंगावरचा सदरा उपकाराचा. त्यात त्या मठाची एक रीत होती. रोज सकाळी अक्का, म्हणजे तीच विभूतीवाली बाई, कोमट पाण्याचं भांडं घेऊन खाटेखाटेला फिरायची. प्रत्येकाचे पाय भांड्यात धुवायची, पदरानं पुसायची, विभूती लावायची आणि त्या पायांवर डोकं ठेवायची. साठीची बाई, गुडघे दुखायचे, तरी खाली बसायची. म्हणायची, "जाणाऱ्यात शिव असतोय, त्याला पाय धुवून धाडायचं." पहिल्या दिवशी तिनं माझ्या पांघरुणाला हात घातला तसा मी पाय आखडून घेतले.

"माझ्या पायाला हात लावायचं काम न्हाय."

"का वो अण्णा?"

"म्या मरणार न्हाय तुमच्या पुण्यासाठी."

ती रागावली नाही. पुढच्या खाटेकडं गेली. त्याचाच मला जास्त राग आला.

शेजारच्या खाटेवर सिद्राम होता. सीमेपलीकडचा, दगडखाणीत उमर गेलेली, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलायचा. पोटात गाठ होती, अंगावर फक्त कातडी राहिली होती, पण जीभ शाबूत. रोज सकाळी माझं पाय लपवणं बघून हसायचा. "काय रे, नव्या नवरीवानी लाजतोस! धू दे की. तुझ्या पायाला काय सोनं लागलंय?"

मी म्हणायचो, "तू गप. तुला फुकटाची सवय लागली."

"लागली की. आता मोडायला टाइम कुठं हाय?"

मला तिथं जे जे खटकायचं ते मी त्याला ऐकवायचो, कारण दुसरं ऐकायला कोण होतं? शहरातून माणसं यायची, केळी वाटायची, आणि केळ हातात द्यायच्या आधी फोटोवाल्याकडं बघायची. एका म्हाताऱ्याला तर मानेखाली हात घालून उठवून बसवला फोटोसाठी. तो संध्याकाळी गेला. मी सिद्रामला म्हणालो, "बघ, आपलं मरण म्हणजे ह्यांचं दुकान हाय. आपण मरायचं आणि ह्यांनी पुण्य बांधून न्यायचं."

सिद्राम माझ्याकडं कुशीवर वळला. मग म्हणाला, "दवाखान्यानं घालवून दिल्यावर मी स्टँडावर पडलो हुतो. तोंडावर माशा बसल्या हुत्या, हाकलायला हात उचलंना. समदी बगून जायची. हिनं येऊन माशी हाकलली. आता नेतीया पुण्य तर नेऊ दे की. माझ्याकडं दुसरं काय हाय तिला द्यायला?"

त्याचं म्हणणं मला पटलं. पण फोटोचा रागही गेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही माझ्या डोक्यात बैलजोडीतल्या न पटणाऱ्या बैलांसारख्या एकमेकांना ढुसण्या देत राहिल्या.

माझ्या अंगात थोडी ताकद आली, आणि सिद्रामचं दुखणं वाढलं. त्याची मस्करी थांबली. कळ आली की तो गुडघे पोटाशी घ्यायचा आणि "अव्वा, अव्वा" म्हणून आईला हाका मारायचा. एवढा दगड फोडलेला माणूस. अक्का त्याच्या पायाशी बसून देवाचं नाव घ्यायची, विभूती चोळायची. एका दुपारी मला ते ऐकवेना. मी ओरडलो, "अक्का, नाव पुरे झालं! डाक्टर आणा."

ती म्हणाली, "दवाखान्यानं हात टेकलं म्हणूनच ह्यो इथं आलाय, अण्णा. भोग हाय त्याचा. भोगून संपला की मोकळा हुईल."

"तुमाला झाली असती गाठ तर म्हणला असता का भोग?"

अक्का खाली बघून म्हणाली, "व्हय, म्हणलं असतं." आणि मला कळलं की ती खरं बोलते आहे. त्याचीच मला भीती वाटली. वाईट माणसाशी भांडता येतं. जी बाई स्वतःसाठीही औषध घेणार नाही, तिच्याशी कसं भांडायचं?

मी माझी पिशवी घेतली. त्यात हातोडी, पक्कड, थोडे खिळे, एवढीच माझी इस्टेट. म्हणालो, "म्या चाललो सोनारीला. मरायचंच तर माझ्या देवापाशी मरतो." अक्कानं अडवलं नाही. सिद्रामनं माझ्याकडं बघितलं. हे त्याचं बघणं मी पाठीवर घेऊन बाहेर पडलो.

मठापासून सडकेपर्यंत चढ आहे. वर पोचेपर्यंत छाती भरून आली. बाभळीखाली बसलो. ऊन कडक, सडक मोकळी, हात करायला एक गाडी नाही. मी आयुष्यात कधी देवाकडं मागितलं नव्हतं. त्या दिवशी म्हणालो, "भैरवनाथा, मला तुझ्याकडं घेऊन जा. इथं नको." एवढंच. रडलोही असेन, बघायला कुणी नव्हतं. इतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान तिला पोचवायला माणसं आली होती.

तेवढ्यात एक काळं कुत्रं कुठून तरी आलं आणि ऐन सडकेत बसलं. भैरवनाथाचं वाहन कुत्रं, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. पण कुत्री सडकेत बसतातच, त्याचा मी काही अर्थ सांगत नाही. एक टेम्पो आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या, कुत्रं हललं नाही. टेम्पो माझ्या पुढ्यातच थांबला. मागं एक पांढरा बैल उभा होता, आणि तो मागचा डावा पाय टेकत नव्हता. टेकवला की लगेच उचलायचा.

मला राहवलं नाही. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "खिळा आत गेलाय त्याच्या."

ड्रायव्हर चाळिशीचा, मिशीवाला माणूस. "आवो बाबा, कालच पत्री मारून घेतलीया."

"म्हणूनच म्हणतो. मारणाऱ्यानं खिळा तिरका ठोकलाय, मांसात गेलाय. असाच नेलास तर पाय सडंल."

त्यानं मागचं फाळकं खाली सोडलं. दोर शोधायला लागला. पण मला बैल पाडायची ताकद नव्हती आणि टेम्पोत पाडायला जागाही नव्हती. मी फाळक्याला टेकून उभा राहिलो आणि त्या खुरावर नुसता हात ठेवला. लाथ बसणार हे ठाऊक होतं. पण बैलानं पाय उचलला आणि माझ्या हातात दिला. बांधला नाही, पाडला नाही. जन्मात कुठल्या बैलानं मला असा पाय दिला नव्हता. ड्रायव्हरनं खूर तोलून धरला, मी पक्कडीनं खिळा ओढला. काळं रक्त आलं, मागून लाल आलं. बैलानं एक लांब श्वास सोडला आणि पाय खाली टेकवला. पुरा टेकवला.

ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "बाबा, कुठं जायचंय तुमाला? म्या परांड्याला निघालोय."

परांडा म्हणजे सोनारीच्या दाराशीच. मी मागितलं होतं तेच, आणि घटकाभरात. मी पिशवी टेम्पोत ठेवलीसुद्धा. पण तो बैलाचा श्वास माझ्या कानातून जाईना. ह्याचा खिळा निघाला. सिद्रामचा कोण काढणार? मी नाथाला म्हणालो होतो, मला घेऊन जा. गाडी आली होती खरी. पण ती मला न्यायला आली आहे, हे कुणी सांगितलं?

मी म्हणालो, "सोनारी राहू दे. आधी सरकारी दवाखान्याकडं घे."

डॉक्टरीण बाई तरुण होती आणि चिडकी. मठाचं नाव काढल्याबरोबर म्हणाली, "कितीदा सांगितलं त्यांना! आजार बरा होणार नाही, पण कळ तर थांबवता येते ना? मेणबत्तीसारखं माणसाला जळू द्यायचं आणि त्याला सेवा म्हणायचं?" मी म्हणालो, "बाई, तुमचं खरं हाय. पण दवाखान्यानं त्याला बाहेर काढला तवा न्यायला तीच आली हुती. आता भांडू नका, चला." मी अक्काची बाजू घेतोय हे माझं मलाच ऐकू आलं. बाईनंही बॅग उचलली. टेम्पोवाला बैलासकट आम्हाला मठात घेऊन आला. बाईपाठोपाठ मी पिशवी घेऊन उतरलो आणि त्याचं नाव विचारायला मागं वळलो, तर तो गाडी वळवून चढाला लागला होता. कुत्रंही मला परत दिसलं नाही.

इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळानं सिद्रामचे गुडघे पोटापासून सुटले. पाय हळूहळू सरळ झाले. डोळे उघडून मला म्हणाला, "आलास व्हय परत? तुझ्याच पायाला पत्री मारायला पायजे." आणि झोपला. अक्का कितीतरी वेळ त्या सरळ झालेल्या पायांकडं बघत उभी होती. मग डॉक्टरीणबाईला तिनं एवढंच विचारलं, "परत कधी द्यायचं?" भोगाचं ती काही बोलली नाही. बाईही मेणबत्तीचं काही बोलली नाही. परत द्यायची वेळ आली नाही. दिवेलागणीला सिद्राम झोपेतच गेला. अक्कानं त्याचे पाय मांडीवर घेतले होते आणि माझा हात त्याच्या कपाळावर होता. तोंडावर एक माशी बसायला आली, ती मी हाकलली.

त्यानंतर मी बरा झालो, ते का आणि कसं हे मला विचारू नका. लोक विचारतात, असल्या मठांचं काय करायचं, चांगले का वाईट? मी सांगतो, कळ थांबवायचं औषध ठेवा आणि फोटोवाल्याला दारातच थांबवा. पण माशी हाकलायला खाली वाकणारं माणूस सापडलं तर त्याला नावं ठेवू नका, ते लई दुर्मीळ असतंय. मी नाथाचा ऋणी आहे. मी मागितलं ते त्यानं दिलं आणि त्याच्यापेक्षा मोठं काही माझ्या हातून करून घेतलं. सोनारीला मी पुढं गेलो. पायरीपाशी पडलो नाही, उभाच राहिलो, आणि पहिल्यांदा आभार मानले. आपला देव आपल्याला कुठल्या दारात बोलावील ते आपण ठरवायचं नसतं, एवढंच मला समजलं, तेही उशिरा.

सिद्राम गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का नेहमीसारखी भांडं घेऊन आली. रिकाम्या खाटेपाशी क्षणभर थांबली, पदर डोळ्याला लावला आणि मग माझ्या खाटेवरून सवयीनं पुढं निघाली. मी हाक मारली, "अक्का." ती वळली. मी पांघरूण बाजूला केलं आणि दोन्ही पाय तिच्या पुढं केले.