तळ्याखालची माणसं

डोंगरकड्याजवळच्या आमच्या रानात वडिलांनी ओढ्यावर मातीचा बांध घालून केळीसाठी पाणी अडवलं होतं. आम्ही त्याला तळंच म्हणायचो. धरण म्हणावं असं त्यात मला कधी काही दिसलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तपासणीला एक इंजिनिअर बाई आल्या. बांध मोजायच्या आधीच त्यांनी विचारलं, "खाली कोण राहतं?" आम्ही ओढ्याच्या काठानं खाली गेलो. अंगणवाडीत शिकवणाऱ्या ताईंचं घर, शेजारी त्यांच्या दिराचं, पलीकडे धनगर आजोबांचा मेंढवाडा. बाईंनी कागदावर लिहिलं, 'धोका जास्त'.

"एवढंसं तळं, अन् जास्त काहून?" मी चिडूनच म्हणालो.

"बांध पक्का असला तरी हेच लिहीन. फुटला तर पाणी कोणाच्या दारात जाईल, ते बघायचं असतं." जाताना त्यांनी बजावलं, "पायथ्याचा पाझर नितळ आहे तोवर नुसती नजर ठेवा. गढूळ झाला की आधी माणसं हलवा, मग मला फोन करा."

भादव्यात झड लागली. पाचव्या दिवशी दुपारी आजोबा भिजत आले. "पाझर चहावानी येऊन राहिला. चल बराबर."

पायथ्याशी मनगटाएवढ्या भोकातून माती वाहत होती. ताईंनी दोन्ही घरची माणसं शाळेत नेली, आजोबांनी मेंढ्या टेकाडावर चढवल्या. मी गोणपाटाचा बोळा घेऊन भोक बुजवायला निघालो, तेवढ्यात बाईंचा फोन लागला. त्या ओरडल्याच, "बुजवू नका! कोंडलेलं पाणी दुसरीकडून फोडून निघेल. वाळू टाका, वर खडी. पाणी येऊ द्या, माती अडवा. अन् एकाला वर नजर ठेवायला उभं करा."

भावाला बांधावर उभं केलं. मी अन् ताईंचे दीर घमेली ओतत राहिलो. वर केळीच्या पाण्याची दोन इंजिनं तळं उपसत होती. पाणी थांबलं नाही, पण त्याचा रंग उतरत गेला. दिवस मावळायच्या आत ते वाळूतून विहिरीच्या पाण्यासारखं नितळ झिरपायला लागलं. तळ्याचा सगळा भार त्या भिंतीवर होता, अन् आम्ही फक्त त्यातून येणारं पाणी गाळत होतो. मी चिखलातच हात जोडले.

पाणी उतरल्यावर जादा पाणी वाहून जायचा सांडवा खोल केला. आता तळं कमी भरतं, केळीचा एक तुकडा सोडून दिला.

सांडवा खोदला त्या दिवशी ताई पहिल्यांदाच बांधावर चढल्या. पाण्याकडे बघितलं, मग खाली आपल्या घराच्या पत्र्यांकडे.

"दादा, एवढं पाणी आमच्या डोक्यावर होतं?"

"व्हय," मी म्हणालो.