माझ्याच आवाजातली साक्ष

तीन वर्षं मी रोज पहाटे ओट्याशी उभी राहून फोनमध्ये बोलत असे. बायबलातला एक उतारा वाचायचा, त्यावर चार मिनिटं मनन, शेवटी छोटीशी प्रार्थना आणि सकाळचं वचन म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर पाठवून द्यायचं. ग्रुपातले निम्मे लोक आमच्या लातूरचे, बाकीचे औसा, नायगाव, धर्माबाद असे पांगलेले. पाळकसाहेबांनी हे काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मी बालवाडीत शिकवते, म्हणजे कुणालाही समजेल असं बोलते. उतारा कुठलाही असो, मी फिरून फिरून एकाच ठिकाणी यायची: आपला भार देवावर टाका. लोक म्हणायचे, ताईचं ऐकलं की दिवस बरा जातो. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला सांगू?

माझ्या नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. लग्नानंतर काही वर्षांनी त्याला फिटचे झटके यायला लागले. एकदा तर चालू मोटारीपासून हातभर अंतरावर पडला. नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लावून दिली. त्यानंतर वर्षभर एकही झटका आला नाही.

आता आमच्या मंडळीची एक पद्धत सांगायला हवी. रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं. आमच्याकडे ते आगाऊ सांगतात. जे मागितलं ते मिळालंच असं धरून आभार मानायचे. एका आजींनी घरकुल मिळाल्याची साक्ष दिली तेव्हा त्यांचा अर्जसुद्धा भरलेला नव्हता. ऐकणाऱ्यांना हे ठाऊक असतं. आम्ही त्याला खोटं म्हणत नाही, विश्वास म्हणतो.

त्या रविवारी नवरा उठला, वर्षभर झटका आला नाही, प्रभूचे आभार, एवढंच बोलला आणि बसला. तो बोलण्यात कंजूषच आहे. पुढच्या सतरंजीवरची एक बाई मागे वळून म्हणाली, "अन् गोळ्या?"

मी उभी राहिले. "गोळ्या बंद झाल्या," मी म्हणाले. "प्रभूनं त्यांना पूर्ण बरं केलंय."

ती माझी पुढच्या वर्षासाठीची प्रार्थना होती. पण टाळ्या वाजल्या, ढोलकी वाजली, कुणीतरी रडलं. नवरा माझ्याकडे बघत होता. गोळ्यांची पट्टी त्याच्या शर्टाच्या खिशात होती. पाळकसाहेब म्हणाले, उद्याच्या वचनात हेच घ्या. मी घेतलं, आणि माझ्या उत्साहाला काही हद्द नसते, म्हणून वर आणखी जोडलं: मध्येच एखादा झटका आला तरी घाबरू नका, ती परीक्षा असते, डगमगू नका.

आतल्या आत मी समजत होते की आपल्या लोकांना कळतंय. पण ते बोलणं आपल्या लोकांत राहिलं नाही. एकानं दुसऱ्या ग्रुपवर टाकलं, तिथून तिसऱ्या. ज्यांना आमची पद्धत माहीत नव्हती त्यांनी शब्दाला शब्द खरं धरलं.

मग घरात लपवाछपवी सुरू झाली. फ्रिजवर ठेवलेल्या गोळ्या मेथीच्या डब्यात गेल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याची बायको आमच्याच मंडळीतली, म्हणून मी रिक्षा करून लांब गंजगोलाईच्या बाजारात गोळ्या आणायला जाऊ लागले. प्रार्थनेला घरी माणसं बसलेली असली की नवरा पाणी पिण्याच्या निमित्तानं आत यायचा आणि मी दारात आडवी उभी राहायची. पहाटे ग्रुपवर 'देवापासून काही लपत नाही' असं सांगायचं आणि सात वाजता डबा उघडायचा. मला स्वतःची किळस यायची. आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा फोन हातात घ्यायची.

एकदा नवरा म्हणाला, "मी बंदच करून टाकतो आता. तू बोललीस ना? होऊ दे खरं."

"अन् मोटारीवर पडलात म्हंजी?"

"मंग उभी राहून सांग की, चुकून बोलले म्हून."

मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. तेव्हापासून तो गोळी गिळेपर्यंत मी त्याच्यासमोरून हलत नसे. लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवायला लावायची. तोही गुमान दाखवायचा. तीन महिने आम्ही असे काढले.

नायगावची एक अनोळखी बाई आली ती शाळेला सुट्टी होती त्या दिवशी. नांदेडवरून बस बदलून, एकोणीस वर्षांच्या लेकीला घेऊन, पत्ता विचारत विचारत. लेकीच्या मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी होती. बाईनं आधी माझे दोन्ही हात धरले, मग बसली.

"तुमाला बघायचं लई दिवसांपासून होतं ताई," ती म्हणाली. "हिला बी झटक्याचंच हाय. चार वर्ष गोळ्या चालू होत्या, कायच तरास न्हवता. तुमची साक्ष ऐकली अन् मी म्हनलं, आपला बी विश्वास असाच पाहिजे. वीस दिस झाले, बंद केल्या."

"हाताला काय झालं?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"तव्यावर पडला हात. भाकरी करून राहिली होती, तेवढ्यात आला झटका. पर मी न्हाई घाबरले. तुमीच म्हनल्या होत्या की, परीक्षा असती म्हून. आता तुमी डोक्यावर हात ठेवा हिच्या."

तक्रार करायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती आभार मानत होती. मुलगी खाली बघत पट्टीची कड नखानं सोडवत बसली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उठले, हात वर उचललासुद्धा, आणि पुढे नेता आला नाही. आत गेले. मेथीचा डबा आणून तिच्या आईच्या मांडीवर ठेवला.

"ह्या रोज घेतात आमचे हे," मी म्हणाले. "एक दिवस पण बंद नव्हत्या. मी खोटं बोलले."

बाईनं डब्यात हात घालून पट्ट्या वरखाली केल्या. मग म्हणाली, "मी फोन कानाला लावून हिला आयकवलं वो तुमाला. ती नगं म्हनत होती."

त्यांनी चहा घेतला नाही. दुपारच्या बसनं परत गेल्या. गोळ्या आधीच्या डॉक्टरांना दाखवूनच पुन्हा चालू करा, एवढं मी तीनदा सांगितलं. दारात मुलीनंच मान डोलावली.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेले. ते भले गृहस्थ आहेत, रागावले नाहीत. म्हणाले, एकदम सांगू नका, लोकांचा विश्वास ढासळेल, हळूहळू बघू. मी हो म्हटलं. पण रात्रभर त्या मुलीच्या हाताची पट्टी डोळ्यांपुढून हलेना, आणि पहाटे मी देवानं अरण्यात भुकेल्या लोकांना दिलेल्या भाकरीचा उतारा घेतला. आकाशातून रोज पडायची, रोज त्या दिवसापुरती वेचायची, उद्याची आज साठवली तर तिच्यात किडे पडायचे. मी सांगितलं की आमच्या घरी ती भाकर गोळीच्या रूपात येते, सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि मी उद्याची साक्ष आजच वेचून ठेवली. मग सरळ शब्दांत सगळं कबूल केलं. नवरा शेजारी उभा होता. शेवटी "आमेन" त्यानं म्हटलं.

ग्रुप दिवसभर गप्प राहिला. आता सकाळचं वचन मंडळीतली दुसरी एक बहीण सांगते. चांगलं सांगते, जरा नाकात बोलते इतकंच. माझी कबुली कुणी पुढे पाठवली नाही. जुनी साक्ष मात्र अजून फिरते आहे, ती पुसणं माझ्या हातात उरलेलं नाही.

परवा देगलूरकडच्या एका अनोळखी नंबरवरून ती मलाच आली. कुणीतरी कुणाकडून माझा नंबर मिळवला होता, घरातल्या आजारी माणसासाठी प्रार्थना करा म्हणून, आणि सोबत 'ही साक्ष जरूर ऐका'. मी लगेच लिहिलं: यातली बाई मीच आहे, हे खरं नाही, गोळ्या बंद करू नका.

उत्तर आलं: ताई, असा संशय सैतान घालतो, मन घट्ट करा आणि पुन्हा एकदा ऐका.

मी ऐकलं. नवरा खुर्चीत गोळी हातात घेऊन बसला होता, आणि फोनमध्ये मी म्हणत होते, घाबरू नका, डगमगू नका. इतकं छान बोलले होते की, आजारी असते तर मीसुद्धा ऐकलं असतं.